न घेतलेल्या पेटंटाची दंतकथा

व्यवस्थापनाच्या शिबिरांत आणि उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत स्वित्झर्लंडच्या घड्याळवाल्यांची एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जोएल बार्कर या अमेरिकी लेखकाने ती जगभर नेली, आणि आता ती कोणाचीच राहिलेली नाही, सगळ्यांची झाली आहे. गोष्ट अशी : १९६७ साली न्यूशातेल येथील स्विस संशोधकांनी क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ तयार केले आणि ते आपल्या कारखानदारांना दाखवले. त्यात चावी देण्याची स्प्रिंग नव्हती, चक्रांची नेहमीची गर्दी नव्हती. हे घड्याळच नव्हे, असे म्हणून कारखानदारांनी ते झिडकारले. त्यांना ते इतके कवडीमोल वाटले की पेटंट घेण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. मग घड्याळांच्या एका परिषदेत ते सहज मांडून ठेवले गेले. समोरून जपानची सैको आणि अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपन्यांची माणसे गेली, त्यांनी ते पाहिले, आणि स्विस घड्याळांचे साम्राज्य दहा वर्षांत कोसळले. या गोष्टीवरून दोन बोध काढले जातात. पहिला, जुन्या चौकटीत अडकलेल्याला नवे दिसत नाही. दुसरा, आणि आपल्याकडे अधिक आवडीचा : कल्पना सुचली की आधी पेटंट घ्या, नाहीतर दुसरा पळवेल.

हा पूर्वपक्ष क्षुल्लक मानून चालणार नाही. त्यात सत्याचा अंश आहे. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यावर सुमारे ९०,००० माणसे पोट भरत होती. १९८०च्या दशकाच्या मध्यास ती तीस हजारांच्या आसपास उरली. ज्युरा पर्वताच्या कुशीतली गावेच्या गावे बेकार झाली. एवढ्या मोठ्या आपत्तीला कारण असणारच. पण गोष्टीत दिलेले कारण खोटे आहे, आणि ते नुसते तपशिलात चुकलेले नाही, मुळात चुकलेले आहे. ज्या माणसांनी हे घड्याळ वर्षानुवर्षे खपून घडवले, त्यांच्यावर त्यात अन्याय होतो. आणि ती ऐकून उठणारा तरुण अभियंता चुकीची गोष्ट सांभाळायला शिकतो.

पेटंटापासूनच सुरुवात करू. ‘क्वार्ट्झवर चालणारे घड्याळ’ या कल्पनेचे पेटंट १९६७ साली कोणालाही मिळाले नसते, कारण ती कल्पना तोवर चाळीस वर्षे जुनी झाली होती. स्फटिकावर दाब दिला की त्यातून वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. याच्या उलटही घडते : वीज दिली की स्फटिक थरथरतो, आणि ही थरथर विलक्षण नियमित असते. त्या थरथरीवर वेळ मोजणारे पहिले घड्याळ १९२७ साली अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉरन मॅरिसन आणि जोसेफ हॉर्टन यांनी उभे केले. ते एक खोली व्यापणारे यंत्र होते. त्यानंतर वेधशाळांनी क्वार्ट्झची घड्याळे वापरली. सैकोने उचलून नेता येईल असे क्वार्ट्झ घड्याळ केले, आणि १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते कामी आले. ज्ञात गोष्टीला पेटंट नाही, हा पेटंट कायद्याचा पाया आहे. पेटंट मिळते ते साधनाला : अमुक आकाराचा स्फटिक, अमुक रचनेचे मंडल, अमुक तऱ्हेची मोटर. अशी पेटंटे न्यूशातेलच्या प्रयोगशाळेने घेतलीही. अमेरिकी पेटंटांच्या नोंदींत तिचे नाव मालक म्हणून दिसते. म्हणून ‘पेटंटच घेतले नाही’ हे वाक्य उभे राहू शकत नाही.

आता ती प्रयोगशाळा कशी निघाली ते पाहा, कारण आंधळेपणाचा आरोप तिथेच कोसळतो. मॅक्स हेट्झेल हा स्विस अभियंता बुलोव्हा या अमेरिकी कंपनीत कामाला होता. तोलचक्राच्या जागी चिमुकला नादकाटा बसवायचा आणि विजेवर तो थरथरत ठेवायचा, ही त्याची रचना. तो नादकाटा सेकंदाला ३६० वेळा कंप पावे. १९६० साली बुलोव्हाने ‘अॅक्युट्रॉन’ या नावाने ते घड्याळ बाजारात आणले, आणि त्याच्याभोवती पेटंटांची भक्कम भिंत होती. स्विस कारखानदारांना हा धक्का पुरता कळला. अनेक कंपन्यांनी मिळून पैसा घातला आणि १९६२ साली न्यूशातेलला ‘सांत्र एलेक्त्रोनिक ओर्लोजे’, थोडक्यात सीईएच, ही इलेक्ट्रॉनिक घड्याळांची प्रयोगशाळा सुरू केली. हे झिडकारणाऱ्या माणसांचे लक्षण नाही. स्पर्धेत असलेल्या कारखानदारांनी एकत्र येऊन, अजून अस्तित्वात नसलेल्या घड्याळासाठी पैसा ओतला.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बुलोव्हाची पेटंटे मजबूत होती, म्हणूनच तर स्पर्धकांना नादकाट्याच्या वाटेने जाता येईना. पुढे हेट्झेल स्वतः स्वित्झर्लंडला परतला आणि त्याने नादकाट्याचे नवे घड्याळ रचले, पण तेही बुलोव्हाशी करार करूनच बाजारात आणावे लागले. तेव्हा ज्यांना या वाटेने जायचे नव्हते, त्यांनी त्यापलीकडची वाट धरली. क्वार्ट्झ ती वाट होती. म्हणजे एका उत्तम पेटंटाने आपल्या मालकाला काही वर्षे राखले आणि त्याच वेळी त्याची जागा घेणाऱ्या यंत्राचा शोध घाईने लागेल अशी सोय केली. पेटंटाच्या गुणगानात हा परिणाम क्वचितच मोजला जातो.

काम अवघड होते. खोलीएवढे यंत्र मनगटावर आणायचे, आणि तेही एका छोट्या सेलवर वर्षभर चालवायचे. स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावेल असा कापला. आकडा असा का? कारण तो दोनाचा तेरावा घात आहे. कंपनसंख्या तेरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. निम्मे करण्याचे हे काम करणारे मंडल सेलमधली वीज गटागटा प्यायचे. आर्मिन फ्राय स्फटिकावर काम करत होता, एरिक व्हित्तोझ अत्यल्प विजेवर चालणाऱ्या आयसीवर (एकात्मिक मंडलावर), आन्री ओगे मोटरीवर. व्हित्तोझचे काम घड्याळापुरते राहिले नाही. कमीत कमी विजेवर ट्रान्झिस्टर कसा वागतो याचे त्याने मांडलेले शास्त्र पुढे जगभरच्या आयसी रचनाकारांनी वापरले. १९६७च्या उन्हाळ्यात ‘बीटा १’ आणि पाठोपाठ ‘बीटा २’ हे नमुने टिकटिकू लागले.

‘सैकोने मांडलेले घड्याळ पाहिले आणि उचलले’ हा भाग तारखांपुढे टिकत नाही. क्वार्ट्झ घड्याळाचा ‘५९ए’ नावाचा प्रकल्प सैकोच्या सुवा कारखान्यात १९५९ साली सुरू झाला होता, म्हणजे न्यूशातेलच्या प्रयोगशाळेच्या तीन वर्षे आधी. १९६७ साली न्यूशातेलच्या वेधशाळेत अचूकतेची स्पर्धा झाली, तेव्हा सीईएचप्रमाणे सैकोनेही आपले क्वार्ट्झ मनगटी नमुने तिथे पाठवले होते. पहिल्या दहा जागा स्विसांनी घेतल्या. ज्याला चोर म्हणतात तो त्याच स्पर्धेत प्रतिस्पर्धी होता आणि हरला होता. त्याच्या हाती स्वतःचे घड्याळ होते, ते आणखी घडवायला तो घरी परतला.

२५ डिसेंबर १९६९ रोजी सैकोने ‘अॅस्ट्रॉन ३५एसक्यू’ विकायला काढले. महिन्याला पाच सेकंदांच्या आतबाहेर अचूक. किंमत ४,५०,००० येन, त्या काळच्या जपानात एका छोट्या मोटारीएवढी. त्यातले इलेक्ट्रॉनिक मंडल सुटे भाग हाताने जोडून केलेले होते. उलट १० एप्रिल १९७० रोजी बासेलच्या प्रदर्शनात स्विसांनी मांडलेल्या ‘बीटा २१’ मध्ये खरी आयसी होती. या एका बाबतीत मागाहून आलेले स्विस पुढे होते. सोळा स्विस कंपन्यांनी हे यंत्र आपापल्या डायलखाली घातले, त्यांत पाटेक फिलिप, रोलेक्स आणि ओमेगाही होत्या. झिडकारलेल्या शोधाला पाटेक फिलिप आपले नाव देत नाही.

मग सैको जिंकली कशाने? अॅस्ट्रॉनमध्ये सेकंदकाटा दर सेकंदाला एकदाच पुढे सरके आणि मधल्या काळात मोटर विसावे. विजेची बचत तिथे होती. बीटा २१ मध्ये सेकंदाला २५६ वेळा थरथरणारी मोटर होती. तिच्यामुळे काटा सुंदर, सलग फिरे, पण ती सेल लवकर खाई. नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक, दर सेकंदाला एक पाऊल टाकणारी मोटर आणि त्यांची मांडणी, या तिन्हींचा मेळ सैकोने असा घातला की तो स्वस्तात आणि लाखोंनी करता येईल. सैको आपल्या इतिहासात सांगते की या रचनेची पेटंटे तिने इतरांना खुली केली, आणि म्हणून ती जगाची रीत झाली. तिने भिंत बांधली असती, तर बुलोव्हाच्या भिंतीने जे केले तेच त्या भिंतीने केले असते, असे मला वाटते. आणि आज मनगटावरच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत स्फटिक ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा दोनाचा पंधरावा घात. हा आकडा रुळवला तो जिरार-पेरगो या स्विस कंपनीच्या घड्याळाने, १९७०च्या दशकाच्या आरंभी. आंधळ्यांनी जगाला मोजमापाचा आकडा दिला, असे मानायचे का?

दंतकथेला सर्वांत अवघड जाणारा आकडा निर्यातीचा आहे. अॅस्ट्रॉन येऊन पाच वर्षे झाली तरी स्विस निर्यात घटली नव्हती, वाढत होती. १९७४ साली स्वित्झर्लंडने ८.४ कोटींच्या आसपास घड्याळे आणि घड्याळयंत्रे परदेशी पाठवली, आणि तो त्या काळचा उच्चांक होता. त्यांतली बहुसंख्य चावीचीच होती. घसरण त्यानंतर सुरू झाली, तेलसंकटानंतरच्या मंदीत, आणि तिला ज्या शक्तीने जोर दिला ती प्रयोगशाळेत जन्मलेली नव्हती. १९७१ ते १९७३ या काळात जगाची स्थिर विनिमयदरांची व्यवस्था मोडली. १९७० साली एक डॉलर घ्यायला साधारण ४.३ फ्रँक लागत. १९७८ मध्ये पावणेदोनही पुरत. हिशोब करून पाहा : कारखान्यातून १०० फ्रँकला निघालेले घड्याळ न्यूयॉर्कच्या दुकानदाराला आधी २३ डॉलरना पडे, तेच पुढे सुमारे ५७ डॉलरना पडू लागले. घड्याळ तेच, कारागीर तोच, मजुरी तीच. कोणत्या पेटंटाने हा फरक भरून निघाला असता?

यात धंद्याच्या बांधणीची भर पडली. १९३०च्या दशकापासून स्विस घड्याळधंदा सरकारी परवान्यांच्या आणि करारांच्या चौकटीत बांधलेला होता. कोणी कोणता भाग करायचा, किती करायचा, कोणाला विकायचा, हे ठरलेले. १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ही चौकट पूर्ण सुटली नव्हती. छोटे छोटे अनेक कारखाने, आणि प्रत्येकाचा एखादाच भाग. सैको आणि सिटिझन या जपानी कंपन्यांकडे एका छपराखाली लाखोंनी एकसारखी घड्याळे काढण्याची शिस्त होती, आणि ती शिस्त त्यांनी आधी चावीच्या घड्याळांवरच कमावली होती. प्येर-इव्ह दोंझे या इतिहासकाराने स्विस घड्याळधंद्यावरच्या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा मांडला आहे, आणि तो मला निर्विवाद वाटतो : जपान्यांचा विजय मुळात मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचा होता, क्वार्ट्झ हे त्याचे शेवटचे दृश्य रूप.

यावर एक आक्षेप येईल, आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे : मग अमेरिकी कंपन्यांनी ज्या शहाणपणाने ही संधी साधली, ते का दाखवता येऊ नये? उत्तर सोपे आहे. त्यांनी ती साधली नाही. आयसीचा शोध लावणाऱ्यांतला जॅक किल्बी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचाच, आणि त्याची पेटंटे कंपनीच्या मालकीची. १९७६ साली या कंपनीने लाल आकडे उजळणारे डिजिटल घड्याळ २० डॉलरला विकायला काढले, पुढच्या वर्षी १० डॉलरला. १९८१ साली तिने घड्याळांचा धंदाच बंद केला. इंटेलने १९७२ साली मायक्रोमा ही घड्याळ कंपनी विकत घेतली आणि १९७८ मध्ये ती सोडून दिली. इंटेलचे गॉर्डन मूर पुढे कितीतरी वर्षे ते घड्याळ मनगटावर बांधत आणि आपले दीड कोटी डॉलरचे घड्याळ म्हणून दाखवत. त्यांच्याकडे पेटंटे होती, दूरदृष्टी होती, आयसी बनवण्याचे जगातले सर्वांत पुढारलेले कारखाने होते. किंमत वर्षागणिक निम्मी होत गेली आणि नफा उरला नाही. गोष्टीतले दोन विजेते म्हणजे सैको आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. त्यांतला एक तर लवकरच मैदान सोडून गेला.

आता पेटंटाचा थोडा जुना इतिहास, कारण घड्याळधंद्यात तो फार बोलका आहे. निकोलस फातिओ द दुइलिए हा न्यूटनचा मित्र असलेला स्विस गणिती. त्याने माणकासारख्या खड्यांना बारीक भोके पाडण्याची युक्ती काढली, म्हणजे घड्याळातल्या आसांना फिरायला गुळगुळीत, न झिजणारी जागा मिळते. आपल्याकडच्या जुन्या एचएमटीच्या डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असे, ते हेच खडे. १७०४ साली लंडनमध्ये त्याला आणि त्याच्या द बोफ्र या भागीदारांना पेटंट मिळाले. मग त्याने संसदेकडे अधिक अधिकार मागितले आणि लंडनच्या घड्याळकारांचा संघ उठून उभा राहिला. युक्ती नवी नाही, असे संघाचे म्हणणे. पुरावा म्हणून इग्नेशियस हगफर्डचे एक जुने घड्याळ सादर झाले, त्यात खडा बसवलेला दिसत होता. फातिओचा अर्ज बारगळला. संघाने ते घड्याळ विकत घेऊन जपून ठेवले, पुढे कोणी दावा केला तर हाताशी असावे म्हणून. कित्येक वर्षांनी ते खोलले तेव्हा दिसले की तो खडा केवळ शोभेचा होता. त्यात आस फिरतच नव्हता.

अशा वादांत न्याय पुराव्याच्या खरेपणावर ठरतो, आणि आपल्याला हे १९९७ साली कळले. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट सीएसआयआरने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली रद्द करवले, ते जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३चा एक छापील शोधनिबंध पुढे ठेवून. तो विजय योग्यच होता. पण तेव्हापासून आपल्याकडे ‘पेटंट घेतले की वाचलो, नाही घेतले की लुटले गेलो’ असे एक समीकरण रूढ झाले, आणि हळदीचे प्रकरण ते सिद्ध करत नाही. तिथे आपण पेटंट घेतल्याने वाचलो नाही. ज्ञान आधीच सर्वांचे होते हे दाखवता आल्याने वाचलो.

पेटंट हाती असून बुडालेलेही आहेत. जॉन हारवुड हा इंग्रज घड्याळ-दुरुस्तीकार. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाचे स्विस पेटंट त्याला १९२४ साली मिळाले, घड्याळ चांगले चालले, आणि महामंदीत १९३१ साली त्याची कंपनी संपली. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचे आपले पेटंट घेतले आणि नाव रोलेक्सचे झाले. उलट टॉमस मजने १७५०च्या दशकात लिव्हरचे जे यंत्र काढले त्याचे पेटंट त्याने घेतलेच नाही, आणि आज चावीचे जवळपास प्रत्येक घड्याळ त्याच यंत्रावर चालते. पेटंट निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. छोट्या शोधकाला मोठ्या कारखानदारापुढे उभे राहायला ते एकच काठी असते. माझे म्हणणे एवढेच की एखादा देश बुडाला तो पेटंटावाचून, हे दाखवायला स्विस घड्याळांचे उदाहरण चालत नाही.

दंतकथेला जे देणे आहे ते देतो. स्विस कंपन्या क्वार्ट्झबद्दल दुविधेत होत्या. बीटा २१ सुमारे सहा हजार निघाली आणि थांबली. भागीदार कंपन्या लवकरच पांगून आपापली यंत्रे करू लागल्या. प्रत्येकाला स्वतःचे क्वार्ट्झ हवे होते, आणि एकट्याने कोणालाच ते स्वस्त करता आले नाही. हा दोष खरा आहे. पण तो न दिसण्याचा दोष नाही, एकत्र न टिकण्याचा आहे.

हीच गोष्ट आता एचएमटीला लावली जाते आणि तिथेही तितकीच चूक ठरते. जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झालेल्या एचएमटीने, टायटनची घड्याळे १९८७ मध्ये दुकानात येण्याआधीच, स्वतःचे क्वार्ट्झ घड्याळ काढले होते. क्वार्ट्झ दिसले नाही म्हणून ती मागे पडली नाही. डिझाइन, दुकाने, निर्णयाचा वेग यांत ती मागे पडली, आणि या गोष्टींचे पेटंट नसते.

स्विसांचे काय झाले? १ मार्च १९८३ रोजी ‘स्वॉच’ आले. अर्न्स्ट टोमके यांच्या हाताखाली एल्मार मॉक आणि झाक म्युलर या अभियंत्यांनी घड्याळाचे यंत्र थेट प्लास्टिकच्या डबीतच रचले. भाग ५१ वर आणले, आणि काच डबीला श्राव्यातीत ध्वनीने सांधली. यंत्र वरूनच रचले जात असल्याने जोडणी यंत्रमानवांच्या हाती देता आली, आणि दर घड्याळामागची मजुरी इतकी घटली की महाग फ्रँकमध्येही ते हाँगकाँगच्या मालाशी भिडू शकले. या रचनेची पेटंटे घेतली होती, तीही कामी आली. आत टिकटिकत होते ते क्वार्ट्झच.